जस्ताच्या छपराखाली

ऊन, वारा, पाऊस यांपासून माणसाचे रक्षण करते ते घर, अशी आपली साधी समजूत आहे. परंतु घराचे छप्परच म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर उठल्याचे उदाहरण इतिहासात आहे, आणि ते फार जुनेही नाही. २००३ सालच्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्समध्ये जे घडले, त्याची हकीकत आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

पॅरिस हे मुख्यतः थंडीचा विचार करून वाढलेले शहर. १८५३ ते १८७० या काळात ओस्मान या प्रशासकाने जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले, आणि त्यांच्या दुतर्फा उंच दगडी इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकी बहुतेकांच्या माथ्यावर जस्ताचे पत्रे बसले. पत्रा हलका आणि पाणी चटकन वाहून नेणारा. त्याखालच्या अरुंद खोल्या मोलकरणींसाठी असत. पुढे मोलकरणी गेल्या, पण खोल्या राहिल्या; त्यांत विद्यार्थी, गरीब आणि एकटी माणसे राहू लागली.

१९७३ साली खनिज तेल एकाएकी महागले. घरे उबदार ठेवण्याचा खर्च जड जाऊ लागला, तेव्हा नव्या घरांतून ऊब निसटू नये म्हणून १९७४ साली तेथील सरकारने पहिला नियम केला. हेतू रास्तच होता; पण हिशेब होता तो हिवाळ्यातल्या इंधनाचा. शिवाय जुन्या इमारतींना तो नियम लागू नव्हता.

मग २००३ चा ऑगस्ट आला. पॅरिसमध्ये पारा ३९ अंशांवर गेला, आणि काही रात्री तो २५ अंशांखाली उतरलाच नाही. दिवसभर तापलेल्या खोलीला निवण्यास अवधी मिळेना. म्हातारपणी तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि हृदयावरचा भार मात्र वाढतो. त्यातून सुटीचा महिना. मुले-नातवंडे गावाबाहेर, शेजारची दारे बंद. नेहमीपेक्षा सुमारे १५,००० माणसे अधिक दगावली. पाचांतील चार जण पंचाहत्तरी गाठलेले होते. पॅरिसमधील ५७ मृतांना नेण्यास कोणीच आले नाही. ३ सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्या उपस्थितीत त्यांचे सार्वजनिक खर्चाने दफन झाले.

नंतरच्या तपासात असे आढळले की, छपराला लागून असलेल्या मजल्यावर झोपणाऱ्यांना, आणि ज्या घरांना उष्णतारोधक आवरण नव्हते तेथील वृद्धांना धोका अधिक होता. म्हणजे जे आवरण हिवाळ्यात इंधन वाचवते, तेच उन्हाळ्यात जीवही वाचवू शकते. मात्र खिडकीला बाहेरून सावली हवी आणि रात्रीचा गार वारा आत येण्यास वाट हवी. नाही तर आत शिरलेली उष्णता तेथेच कोंडून राहते.

२००४ साली फ्रान्सने कायदा केला. एकट्या वृद्धांची नोंद नगरपालिकेने ठेवावी, उष्णतेच्या दिवसांत त्यांची विचारपूस करावी, असे ठरले. वृद्धांच्या सेवेला पैसा मिळावा म्हणून नोकरदारांनी वर्षातून एक दिवस विनावेतन काम करावे, हेही त्याच कायद्याने आले. २०२२ पासून नव्या घराचा कस लावताना २००३ सारखी लाट हिशेबात धरतात.

एवढे शहाणपण यावयास केवढी किंमत पडली! पत्र्याखाली दुपार काढणारी म्हातारी माणसे आपल्याही गावात आहेत. छपराची दुरुस्ती होईल तेव्हा होवो. त्यांच्या दाराची कडी वाजविण्यास मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहावयास नको, असे आम्हांस वाटते.