ताकातला पाव

आयर्लंडचा सोडा ब्रेड आमच्याकडे आता अधूनमधून होतो. यीस्ट नाही, पीठ फुगायला ठेवणं नाही, मळणं तर नाहीच. पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक, संपली यादी. पाककृतींच्या पुस्तकांत याच्या नावाआधी 'पारंपरिक' हे विशेषण हमखास असतं. वाटावं, सेंट पॅट्रिकच्या काळापासून चालत आला असेल. प्रत्यक्षात हा पाव जेमतेम दोनशे वर्षांचा आहे, आणि त्याची सुरुवात चुलीपाशी नाही, कारखान्यात झाली.

१७९१ साली निकोला लब्लांक या फ्रेंच माणसाने मिठापासून सोडा करण्याची रीत शोधली. १८२०च्या दशकात डब्लिनमध्ये जन्मलेल्या जेम्स मस्प्रॅटने लिव्हरपूलला त्याचा कारखाना काढला. सोडा स्वस्त झाला, आणि १८३०-४०च्या सुमारास खायचा सोडा आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत पोचला.

तिथे तो रुजला याला कारणं होती. आयर्लंडची हवा ओली आणि थंड, त्यामुळे गहू मऊ, चिकटपणा कमी. यीस्टच्या पावाला तासन्‌तास हवा धरून ठेवणारं चिवट पीठ लागतं. सोड्याला ही भानगड नाही. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की लगेच बुडबुडे येतात, गोळा ताबडतोब आचेवर गेला की काम झालं.

गरिबांच्या घरात भट्टी नव्हतीच. तीन पायांचं, झाकणाचं जाड लोखंडी भांडं असे, बॅस्टिबल. ते विस्तवावर ठेवायचं आणि झाकणावरही पीटचे निखारे रचायचे. पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, तिथलं सरपण. उत्तरेकडे हाच पाव तव्यावर चार चतकोर करून भाजतात, त्याला फार्ल म्हणतात.

आता ताकाचं. घरात गाय असली तरी लोणी घरात राहत नसे. ते विकून जमीनदाराचा खंड भरायचा. कॉर्क शहरात १७७० पासून लोण्याचा मोठा बाजार होता, तिथून लोणी जहाजांनी परदेशी जाई. मागे उरायचं ते ताक. बटाटे आणि ताक हेच लाखो लोकांचं जेवण होतं. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं मेली, साधारण तेवढीच देश सोडून गेली. त्याही वर्षांत लोणी आणि ओट बाहेर जातच होते. दुष्काळानंतर बटाट्यावरचा भार कमी झाला, आणि पाव-चहा गरिबांच्या घरात स्थिरावत गेला.

म्हणून या पावाला मी नुसतं 'सोपा' म्हणू शकत नाही. तो सोपा आहे कारण करणारीकडे दुसरं काही नव्हतं. अमेरिकेत गेलेल्यांच्या वंशजांनी त्यात साखर, अंडी, बेदाणे, शहाजिरं घातलं. त्यावर 'हा खरा नव्हे' म्हणून वाद घालणारेही आहेत. पण हाती चार पैसे आल्यावर माणसाने पावात बेदाणे घातले, तर त्यात त्याचं काय चुकलं? आपल्या उपासाच्या ताटातले बटाटा, मिरची, शेंगदाणे तरी कुठे आपले? सगळे अमेरिका खंडातून आलेले, आणि तरीही उपासाला चालणारे!

असो. करून बघायचा असेल तर ४५० ग्रॅम मैदा किंवा कणीक (अर्धी-अर्धीही चालेल), एक छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा सोडा आणि मावेल तसं साडेतीनशे-चारशे मिली आंबट ताक. ताक दाट हवं, आपलं प्यायचं पातळ नको. हलक्या हाताने गोळा करून वर खोल फुली मारा. फुलीने मधला भाग नीट भाजतो. तिथल्या म्हाताऱ्या म्हणत, त्यातून पऱ्या बाहेर जातात. २०० अंशांवर पाऊण तास. पाव उलटा करून टिचकी मारा. पोकळ आवाज आला की झाला. आणि लोणी मात्र भरपूर लावा.