निजामशाहीचे बंदर आणि त्याचे कोट

अहमदनगरच्या निजामशाहीचा अभ्यास आपल्याकडे बहुधा नगरच्या भुईकोटाच्या खंदकापाशीच थांबतो. वस्तुतः या राज्याचे समुद्राकडील दार चौल हे होते. तेथे कोट बांधण्याची परवानगी पोर्तुगीजांना १५२१ मध्ये पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाकडूनच मिळाली. पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशाहाने त्याच कोटाला वेढा घातला, पण तो त्याच्या हाती आला नाही. १५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाणने कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोरच्या कोर्लईच्या टेकडीवर तटबंदी करून बंदराची कोंडी आरंभिली. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी ती जिंकून घेतली. 'पोर्तुगीज किल्ला' म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या कोर्लईच्या घडणीत नगरचाही हात आहे, हे विसरले जाते.

या तटांचे रक्षण म्हणजे केवळ झाडी तोडणे नव्हे. मुळे उपटली की सांध्यांतील चुना सुटतो आणि दगड ढळतो. रेवदंड्याच्या कोटात तर माणसे राहतात, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्यांना परके मानून जतन होणार नाही. खाऱ्या वाऱ्याने झिजणाऱ्या शिलालेखांचे ठसे मात्र दुरुस्तीपूर्वीच घेतले पाहिजेत, कारण बदललेला दगड पुन्हा वाचता येत नाही.

पोर्तुगीज १७४० मध्ये गेले. कोर्लई गावातील ख्रिस्ती घरांत मात्र पोर्तुगीज-मराठी संकराची बोली अद्याप बोलली जाते. तिच्या नोंदीचे काम तटाच्या डागडुजीइतकेच निकडीचे आहे.