स्टेंट आणि बायपास शस्त्रक्रिया

स्टेंट आणि बायपास शस्त्रक्रिया हे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या अरुंद झाल्यास किंवा बंद पडल्यास केले जाणारे दोन प्रमुख उपचार आहेत. स्टेंट बसवताना मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, फुग्याने अडथळा रुंदावतात आणि धातूची जाळीदार नळी तेथे कायमची ठेवतात. बायपासमध्ये पायातील शीर किंवा छातीतील धमनी जोडून रक्ताला नवी वाट करून दिली जाते. जुना अडथळा जागेवरच राहतो. पायातील शिरेचा असा वापर रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये रूढ केला. पहिला स्टेंट १९८६ मध्ये बसवला गेला.

निवड

एक-दोन अडथळे असल्यास बहुधा स्टेंट पुरतो. तीनही धमन्यांचा विकार आणि जोडीला मधुमेह असल्यास बायपास सरस ठरते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फ्रीडम' चाचणीत अशा १,९०० रुग्णांपैकी बायपास झालेल्यांमध्ये मृत्यू व हृदयविकाराचे झटके कमी आढळले, पक्षाघात मात्र अधिक. झटका आलेला असताना तातडीची अँजिओप्लास्टी हाच पहिला पर्याय असतो. केवळ चालताना छातीत दुखणाऱ्या स्थिर रुग्णाला अनेकदा औषधेही पुरेशी होतात. ही बाब रुग्णाला आवर्जून सांगितली जायला हवी.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात

जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. अँजिओप्लास्टीची सोय दोन तासांत गाठता येणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी देऊन रुग्णाला पुढे पाठवणे हिताचे असते. दूरच्या वाड्या-तांड्यांवरील रुग्णाच्या बाबतीत हा निर्णय स्टेंट की बायपास या प्रश्नाच्याही आधी येतो.

स्टेंटची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने नियंत्रित केली. औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत त्या वेळी २९,६०० रुपये ठरली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत दोन्ही उपचारांचा समावेश आहे.

खर्चाइतकाच कामाचा प्रश्नही बिकट आहे. जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारणतः सहा ते बारा महिने अखंड घ्याव्या लागतात. त्या मध्येच सोडल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणघातक झटका येऊ शकतो. बायपासनंतर छातीचे हाड जुळेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन महिने, मोळी उचलण्यासारखे जड काम वर्ज्य असते.