आप्पांचा मॉरिसचा डबा

अनगोळच्या जुन्या माणसांना आमच्या दारातली राखाडी रंगाची बुटकी गाडी आठवत असेल. १९८४ पर्यंत ती रस्त्यावर होती, त्यानंतर परसातल्या शेडमध्ये. मधल्या पिढीतली पोरं तिला 'कोंबड्यांची गाडी' म्हणायची, कारण आईनं बरीच वर्षं तिच्यात कोंबड्या कोंडल्या. ती गाडी गेल्या वर्षी परत चालू झाली. कशी झाली ते बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

गाडी मॉरिस मायनर, पण कार नव्हे, व्हॅन. सगळं गाव तिला 'आप्पांचा डबा' म्हणायचं.

मॉरिस मायनर ही इंग्लंडची मध्यमवर्गीयांची गाडी. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. बनवणारा अ‍ॅलेक इसिगोनिस, जन्म स्मिर्नाचा, म्हणजे आत्ताच्या तुर्कस्तानातलं इझमीर. पुढं 'मिनी' काढली ती यानंच. मायनरचा नमुना तयार झाल्यावर गाडी फार अरुंद दिसते असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं ती मधोमध उभी कापायला लावली आणि चार इंच रुंद केली. बॉनेटच्या मधून जाणारी सपाट पट्टी आहे ना, ती त्याच चार इंचांची खूण. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना गाडी अजिबात आवडली नव्हती. उकडलेल्या अंड्यासारखी दिसते म्हणाले. त्याच अंड्याची विक्री पुढं दहा लाखांच्या वर गेली, आणि तो टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी ठरली.

व्हॅन आली १९५३ मध्ये. भार पाव टन, म्हणजे आपल्या हिशेबानं अडीचशे किलोच्या जरा वर. इंग्लंडच्या टपाल खात्यानं या व्हॅन भरपूर घेतल्या. सुरुवातीच्या काहींना तर पुढचे मडगार्ड रबराचे होते, गल्लीबोळात घासले तरी पोचा पडू नये म्हणून. (आमच्या गणपत गल्लीसाठी ही कल्पना आजही वाईट नाही.) एक फरक मात्र ध्यानात ठेवा, पुढं कामाचा आहे. मायनर कारला वेगळी चासी नाही, तिचा पत्राच तिचा सांगाडा. व्हॅनला मात्र खाली स्वतंत्र लोखंडी चासी. पत्रा कुजला तरी हाडं शाबूत राहतात.

हिंदुस्थानातही मायनर आली होती. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सनं ती 'बेबी हिंदुस्थान' नावानं विकली. पण आमचा डबा तिकडचा नव्हे. तो आला गोव्याहून. तेव्हा आपल्याकडं परदेशी गाडी आणणं जवळजवळ बंदच झालं होतं. गोव्यात मात्र पोर्तुगीज अमलात परदेशी माल सहज मिळायचा, मोटारी तर कितीतरी. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला, काही लोक बाडबिस्तरा आवरून निघून गेले आणि त्यांच्या गाड्या मागं राहिल्या. १९६४ मध्ये आप्पांनी मडगावात एका व्यापाऱ्याकडून ही १९५७ सालची व्हॅन घेतली. अनमोडचा घाट चढून, लोंढा-खानापूर करत आणली. वाटेत तीन ठिकाणी पाणी घातलं, हे आप्पा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे.

धंदा लुगड्यांचा. वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागांवरचा माल उचलायचा आणि संकेश्वर, निपाणी, गडहिंग्लज, बैलहोंगलच्या बाजारात नेऊन विकायचा. जत्रा असली तर जत्रेत. लुगडं दाखवायची आप्पांची एक ढब होती. घडी डाव्या हातावर घ्यायची आणि उजव्या मनगटाला असा झटका द्यायचा की पदर उलगडून बरोबर गिऱ्हाइकिणीच्या पुढ्यात पडायचा. बायका नुसतं ते बघायला थांबायच्या. आई म्हणायची, निम्मा धंदा त्या मनगटावर चाललाय.

आता मूळ गोष्टीवर येतो. ही मी घरच्यांनासुद्धा नीट कधी सांगितली नव्हती.

मायनरची पुढची चाकं ज्या उभ्या पिनीवर वळतात, ती पिन वर-खाली दोन्हीकडं आट्यांच्या तुकड्यात बसलेली असते. मेस्त्री त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की पिन त्या आट्यांत फिरते, म्हणून तिथं ग्रीस लागतं. कंपनीच्या पुस्तकात स्पष्ट होतं, दर हजार मैलांनी. प्रत्येक चाकाला एक निपल वर, एक खाली. वरचा बसल्याबसल्या दिसतो. खालच्यासाठी चिखलात आडवं व्हावं लागतं.

दहावी झाल्यावर हे काम आप्पांनी माझ्याकडं दिलं. एक लाल वही केली, रेघा मारून दिल्या. तारीख, मैल, 'ग्रीस केले', आणि सही. वर्ष-दीड वर्ष मी इमानदारीत केलं. मग कॉलेज सुरू झालं, आरपीडीत मित्र झाले, कपडे खराब व्हायला नको वाटायला लागले. वरचे निपल मारायचे, खालचे सोडायचे, वहीत सही ठोकायची.

१९८४ ची मार्गशीर्ष पौर्णिमा. सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा करून आम्ही परत येत होतो. आप्पा चालवत होते, मी शेजारी, मागं उरलेली गाठोडी. बैलहोंगल जवळ आलं तसं चहाच्या टपरीकडं त्यांनी गाडी वळवली. वेग सायकलीएवढाच. स्टिअरिंग पूर्ण वळलं, खालून काड् असा आवाज आला आणि डावं चाक पोटाखाली दुमडलं. आट्या झिजून पिन खालच्या ट्रनियनमधून निसटली होती. डबा चरीत तोंड घालून बसला. मला खरचटलंसुद्धा नाही. स्टिअरिंगला मात्र हिसका बसला आणि आप्पांचं उजवं मनगट त्याच्या दांड्यांत सापडलं.

हाड जुळलं, खरं वाकडं जुळलं. तो झटका परत कधी आला नाही. आप्पांनी दुकान चालू ठेवलं, पण लुगडं उलगडून दाखवायला माणूस ठेवला. बाजाराला मॅटॅडोर भाड्यानं घ्यायला लागले. डबा ट्रॅक्टरला बांधून आणला आणि शेडमध्ये ढकलला. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला २००९ ला ते जाईपर्यंत विचारता आलं नाही.

नंतरची अडतीस वर्षं पटकन सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. कोंबड्या, मग जळण, मग कुणीतरी ठेवलेले सिमेंटचे पत्रे. आजूबाजूची भाताची शेतं जाऊन प्लॉट पडले. २०२२ मध्ये जुनं घर पाडायचं ठरलं. भंगारवाला आला, किलोचा भाव सांगून गेला. धाकटा भाऊ म्हणाला, "देऊन टाकूया की. ठेवून काय करणार?" त्याचं चुकत नव्हतं. मी एक महिना मागून घेतला.

उद्यमबागेकडं एक मेस्त्री आहेत, सत्तरीला टेकलेले. उभी हयात अ‍ॅम्बॅसिडर टॅक्सींवर गेली. त्यांनी डब्याखाली बॅटरी मारली आणि हसले. "ही तर आपल्या अँबीची धाकटी भैन की ओ!" खरंच आहे. अ‍ॅम्बॅसिडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, घराणं एकच. पुढं स्प्रिंगच्या जागी पीळ खाणारी लांब टॉर्शन बार, दांडीचे शॉकअप, दोन्हीकडं तेच. इंटरनेटवर शोधून जे मला महिनाभर कळलं नव्हतं, ते त्यांच्या बोटांना माहीत होतं.

पहिलं वाक्य त्यांनी दटावूनच सांगितलं. "सेल्फ मारायचा न्हाई कोण. आधी हातानं फिरतंय काय बघूया." इतकी वर्षं उभ्या इंजिनात दट्ट्याच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटतात. जोर केला की रिंग तुटते. चारी प्लग काढले, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. मग हँडल लावून थोडं पुढं, थोडं मागं. नवव्या दिवशी हलेना. बाराव्या दिवशी बोटभर हललं. मेस्त्रींनी लगेच हँडल काढून घेतलं. "आज एवढंच."

इंजिन ९४८ सीसीचं. बीएमसी कंपनीच्या या 'ए' मालिकेची सुरुवात १९५१ च्या ऑस्टिन गाडीत झाली आणि मिनीमध्ये ते थेट २००० सालापर्यंत चाललं. त्यामुळं गॅस्केट, रिंगा इंग्लंडात आजही नव्या मिळतात. मायनरवर तिकडं लोकांचा भारी जीव. तिचे पत्र्याचे भाग श्रीलंकेत हातानं ठोकून इंग्लंडला पाठवणारा कारखानाही निघाला. आम्ही मात्र मडगार्ड इथल्याच डेंटरकडून ठोकून घेतले. दारांचा खालचा वीतभर पत्रा कोंबड्यांच्या शिटीनं खाल्ला होता, तो कापून नवा जोडला. चासीला तारेचा ब्रश मारला आणि खाली धड लोखंड निघालं. तेव्हा भाऊ पहिल्यांदा शेडमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबला.

टाकीतलं पेट्रोल वाळून राळेसारखं झालं होतं, वास जुन्या व्हार्निशचा. टाकी उकळून धुतली. पेट्रोल ओढायला एसयूचा विजेवरचा पंप आहे, त्याचे पॉइंट काळे पडलेले. बारीक पॉलिश पेपरनं घासले आणि किल्ली फिरवली, तर टिक-टिक-टिक आवाज आला आणि चेंबर भरल्यावर आपोआप थांबला. लहानपणी पहाटे अंथरुणात हाच आवाज ऐकून कळायचं की आप्पा बाजाराला निघाले. मी जरा बाहेर जाऊन आलो.

वायरिंगच्या पोरानं बॅटरीचा मायनस सवयीनं बॉडीला लावायला घेतला होता. या गाडीत उलटं, प्लस बॉडीला. मेस्त्री कडाडले म्हणून निभावलं. रबरी नळ्या सगळ्या नव्या, आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला चालतील अशा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चासीत लपलेला, तो काढायलाच दोन दिवस गेले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळं आतून सगळं खड्डे-खड्डे. इथं आपलं गाव कामाला आलं. उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम करणारे इतके, की सिलिंडरला आतून बाही बसवून घेणं ही संध्याकाळची गोष्ट. मागचे कमानपाटेही इथंच झाले.

शेवटी पुढची चाकं. डावीकडचा खालचा ट्रनियन फुटका होता तो होताच. मेस्त्रींनी उजवीकडचा काढून हातावर घेतला. आट्या जवळजवळ सपाट. वरचा तुकडा बघितला, तो चांगला, अजून ग्रीसचा मऊपणा.

"हिला ग्रीस कोण मारायचं ओ?"

"मी."

"वरचं मारलायसा. खालचं न्हाई मारलायसा."

भाऊ तिथंच उभा होता. मी वहीचं सांगितलं, बैलहोंगलचं सांगितलं. तो काही बोलला नाही. घरी गेला आणि ट्रंकेतून लाल वही शोधून आणली. माझ्या शेवटच्या सहीखाली आप्पांनी पुढच्या नोंदींसाठी सहा रेघा मारून ठेवलेल्या होत्या, कोऱ्या.

हे भाग उद्यमबागेत सहज कातून मिळाले असते. डाव्या-उजव्या बाजूच्या आट्या उलट-सुलट असतात, पण ते काही अवघड नाही. मेस्त्रीच नको म्हणाले. लोखंड कुठलं, पाणी किती दिलंय, इथं अंदाज चालत नाही, चाक यावर उभं आहे. म्हणून ते चार तुकडे इंग्लंडहून मागवले. सगळं इथंच करायचं हा माझा हट्ट मी सोडला.

इंजिन पहिल्यांदा पेटलं ते गुढीपाडव्याच्या आदल्या संध्याकाळी. हँडलवरच पेटलं. सायलेन्सरमधून आधी काळं पाणी, मग कोंबडीची पिसं, मग धूर. आई खुर्चीत बसली होती. म्हणाली, "बंद करा आता, शेजारी झोपलेत." साडेसात वाजले होते.

कागदांचं अजून जमलेलं नाही. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, वीस हजार फी, दहा वर्षांची मुदत. पण ती सोय खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींची, आणि आमच्या पुस्तकावर पहिल्या पानापासून माल वाहतूक छापलंय. वर ते पुस्तक म्हैसूर राज्याचं, तेव्हा कर्नाटक नाव यायचं होतं. वर्ग बदलून मिळतो का ते बघतोय. तोपर्यंत गाडी कंपाउंडमध्येच पुढं-मागं. घर बांधताना भावानं आपल्या वाटणीतली पार्किंगची जागा तिला दिली.

ग्रीस मी मारतो, खाली आडवा होऊन. वहीत सही मात्र भाऊ करतो, बॅटरी लावून खालचा निपल बघितल्यावरच.

एक विनंती. मागच्या दाराची मूळ मूठ आणि उजव्या बाजूचा वर उचलणारा नारिंगी इशाऱ्याचा हात मिळत नाही. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर किंवा गोव्यात कुणाच्या माळ्यावर जुन्या मॉरिसचं सामान पडून असेल तर कळवा. मोडका असला तरी चालेल, नमुना म्हणून पुरे.