दृष्टिबाधित विद्यार्थी मोबाईलवर अभ्यास कसा करतात? कोणती साधनं स्वस्तात मिळतात आणि गाडी अडते कुठे?

परीक्षेच्या आदल्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोट्स येतात. चौदा पानांची पीडीएफ. बाकीची मुलं ती उघडून वाचायला बसतात. त्याच वर्गातली एखादी दृष्टिबाधित मुलगीही ती उघडते, पण तिचा मोबाईल फार तर "इमेज" एवढंच बोलतो आणि गप्प होतो. मोबाईल बिघडलेला नसतो. मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही चालू असतं. कुणीतरी वहीच्या पानांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ केलेली असते, इतकंच.

दृष्टिबाधित मुलांसाठीची साधनं गेल्या वीस वर्षांत बरीच स्वस्त झाली, काही तर पूर्ण मोफत आहेत. तरीही गाडी अडते. ही साधनं कोणती, ती चालतात कशी आणि अडचण नेमकी कुठे आहे, ते पाहूया.

प्रश्न किती मोठा आहे?

२०११ च्या जनगणनेत भारतात दृष्टीशी संबंधित अपंगत्व असलेल्या सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद झाली. यात पूर्ण अंध आणि अंशतः दिसणारे असे दोन्ही आहेत. दुसऱ्या गटातल्या मुलांना 'अल्पदृष्टी' असलेली म्हणतात. त्यांना ब्रेलची गरज असतेच असं नाही; योग्य चष्मा, भिंग, मोठ्या अक्षरांतलं पुस्तक किंवा स्क्रीनवरचे रंग उलटे करण्याची सोय यावरही त्यांचा बराच अभ्यास होतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ मध्ये सहाय्यक साधनांवर एक अहवाल काढला. जगात २५० कोटींहून अधिक लोकांना चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर अशा किमान एका साधनाची गरज आहे आणि जवळपास १०० कोटी लोकांना ते मिळत नाही, असं त्यात म्हटलं आहे. काही गरीब देशांत तर गरजेच्या फक्त ३ टक्के लोकांपर्यंत साधन पोहोचतं.

स्क्रीन रीडर म्हणजे काय?

स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवर जे लिहिलेलं आहे ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. अँड्रॉइड मोबाईलवर त्याचं नाव टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. दोन्ही फोनसोबतच येतात, वेगळे पैसे लागत नाहीत. बहुतेक अँड्रॉइड फोनवर आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद एकत्र दाबून धरली की टॉकबॅक सुरू करता येतं. मग बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते आणि दोनदा टॅप केलं की ती उघडते. सरावलेला विद्यार्थी बोलण्याचा वेग इतका वाढवून ठेवतो की शेजाऱ्याला एक शब्दही कळत नाही.

कॉम्प्युटरवर मात्र फार काळ चित्र वेगळं होतं. विंडोजसाठी असलेल्या स्क्रीन रीडरची किंमत हजारो रुपयांत जायची. म्हणजे ज्याला दिसतं त्याने एक कॉम्प्युटर घ्यायचा आणि ज्याला दिसत नाही त्याने जवळपास दोन कॉम्प्युटरचे पैसे मोजायचे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने विंडोजसाठी मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स तेह हा त्याचा मित्र, तोही अंध, कामात सामील झाला. त्यातून 'एनव्हीडीए' उभं राहिलं. ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे आणि पेन ड्राइव्हवरूनही चालतं. कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर हा पेन ड्राइव्ह फार कामाला येतो. त्यासोबत येणारा 'ईस्पीक' हा आवाज मराठीही बोलतो. थोडा यंत्रासारखा, पण बोलतो.

मग ब्रेलची गरज संपली का?

नाही. ऐकून मजकूर कळतो, पण शब्द ऱ्हस्व की दीर्घ, स्वल्पविराम कुठे, गणितात कंस कुठे उघडला हे नुसतं ऐकून पक्कं होत नाही. शुद्धलेखनासाठी अक्षर बोटाखाली यावं लागतं.

ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके असतात आणि त्यातून ६३ वेगवेगळ्या आकृत्या होतात. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' ही समान पद्धत ठरली. तिच्यात 'क' मराठीत, हिंदीत आणि तमिळमध्ये एकाच ठिपक्यांनी लिहिला जातो. लिहिण्यासाठी लागते ब्रेल पाटी आणि टोचणी, दोन्ही मिळून काही शे रुपयांत. कागद मागून टोचला जातो, त्यामुळे लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटवून वाचायचं डावीकडून उजवीकडे. आकडेमोडीसाठी अंधशाळांत टेलर फ्रेम ही खिळ्यांची पाटी आणि मण्यांचा अबॅकस अजूनही वापरतात.

महाग पडतो तो इलेक्ट्रॉनिक ब्रेल. त्या यंत्रावर बारीक ठिपके खालीवर होतात आणि एकेक ओळ बोटाखाली उमटत जाते. अशा यंत्रांची किंमत लाखांच्या घरात जायची. ती खाली आणण्यासाठी अनेक देशांतल्या संस्थांनी एकत्र येऊन 'ऑर्बिट रीडर २०' तयार करून घेतला. त्याची किंमत ५०० डॉलरच्या आसपास होती. आधीच्या मानाने हे फारच कमी, पण शेतमजुराच्या घरासाठी तेही आवाक्याबाहेरच.

स्मार्ट काठी काय करते?

साधी पांढरी काठी जमिनीवरचा खड्डा, पायरी, दगड सांगते. पण गुडघ्याच्या वरचं तिला कळत नाही. उघडी खिडकी, लोंबणारी फांदी, उभ्या ट्रकच्या मागे बाहेर आलेल्या सळ्या थेट तोंडावर लागतात. यावर दिल्ली आयआयटीत प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या गटाने 'स्मार्टकेन' बनवली. काठीच्या मुठीवर बसवायचं हे यंत्र वटवाघळासारखं काम करतं. ते ध्वनिलहरी सोडतं, समोरच्या वस्तूवर आपटून त्या परत येतात आणि अडथळा जवळ येईल तशी मुठीतली थरथर बदलते. टप्पा साधारण तीन मीटर. २०१४ मध्ये ती आली तेव्हा किंमत सुमारे ३ हजार रुपये होती. परदेशातली तशीच साधनं याच्या कितीतरी पट महाग होती.

नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये 'मनी' हे मोफत ॲप काढलं. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ते किंमत सांगतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही. हॉस्टेलवर राहून स्वतःचा खर्च सांभाळणाऱ्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे.

पुस्तकं कुठून मिळवायची?

कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करणं, म्हणजे ब्रेल, ऑडिओ किंवा डिजिटल मजकूर करणं, नफ्यासाठी नसेल तर गुन्हा ठरत नाही. मित्राने पाठ्यपुस्तक स्कॅन करून दिलं, तर लेखकाची परवानगी काढत बसावं लागत नाही.

२०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश होता. ३० सप्टेंबर २०१६ पासून करार लागू झाला आणि एका देशात तयार झालेली प्रत दुसऱ्या सदस्य देशात पाठवणं सोपं झालं.

२०१६ मध्येच 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. नोंदणी केलेले दृष्टिबाधित वाचक तिथून पुस्तकं उतरवून घेऊ शकतात. त्यातली बरीच पुस्तकं 'डेझी' पद्धतीची असतात. साध्या ऑडिओत 'पान ४७ वर जा' म्हणता येत नाही, डेझीत पान, धडा, मथळा यांवर थेट उडी मारता येते. शेजारच्या बांगलादेशात पहिली ते दहावीची पाठ्यपुस्तकं या पद्धतीने तयार झाली आहेत.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना १८ व्या वर्षापर्यंत पुस्तकं आणि योग्य ती सहाय्यक साधनं मोफत द्यायची आहेत. परीक्षेबाबत केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांनुसार लेखनिक मिळू शकतो, दर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात आणि ब्रेल, कॉम्प्युटर किंवा मोठ्या अक्षरांचा पर्याय मागता येतो. पालकांनी प्रमाणपत्र लवकर काढावं आणि अर्ज परीक्षेच्या तोंडावर न करता वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावा.

मग अडतं कुठे?

मजकुरापाशी. फोटोची पीडीएफ स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं मराठी डोळ्याला मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर ती तशीच वाचतो आणि कानावर निरर्थक आवाज पडतात. चार ओळींची सूचना असो की चारशे पानांचं पुस्तक, ती फाईल त्या विद्यार्थ्यासाठी कोरीच असते.

दुसरी अडचण शिकवण्याची. टॉकबॅक मोफत आहे, पण ते शिकवणारा शिक्षक तालुक्याच्या गावी असेलच असं नाही. बऱ्याच घरांत फोनही एकच असतो आणि तो दिवसभर वडिलांसोबत कामावर जातो.

आपण काय करू शकतो?

यासाठी पैसे लागत नाहीत, थोडी सवय लागते.

१. नोट्स किंवा सूचना पाठवताना फोटोऐवजी युनिकोडमध्ये टाईप केलेला मजकूर पाठवा. फोटोच असेल तर खाली दोन ओळींत मजकूर लिहा.

२. छापील पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्सने उघडला, तर त्यातला मराठी मजकूर बऱ्यापैकी अक्षरांत उतरतो. चुका तपासून मग पाठवा. हस्ताक्षराच्या बाबतीत मात्र यावर फार विसंबू नका.

३. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स यांवर फोटो टाकताना 'ऑल्ट टेक्स्ट'ची जागा असते. तिथे फोटोत काय आहे ते एका वाक्यात लिहा. "सुंदर फोटो" नको, "पावसात भिजत शाळेत निघालेली तीन मुलं" असं.

४. ओळीने दहा इमोजी टाकू नका. स्क्रीन रीडर प्रत्येकाचं नाव एकेक करून वाचतो.

५. ओळखीत दृष्टिबाधित विद्यार्थी असेल तर काय हवं ते त्यालाच विचारा. एकाला ब्रेल हवं असेल, दुसऱ्याला ऑडिओ, तिसऱ्याला फक्त मोठी अक्षरं.

सुरुवातीच्या त्या चौदा पानांच्या नोट्स आठवतात? वर्गातल्या चौदा जणांनी एकेक पान टाईप केलं असतं, तर त्या मुलीनेही त्याच रात्री अभ्यास केला असता.