वेढे मोजणारा हात

३१ जानेवारी २०२१ हा पल्स पोलिओ मोहिमेचा रविवार होता. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी या गावी त्या दिवशी पाच वर्षांखालील १२ बालकांच्या तोंडात पोलिओ लसीऐवजी हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पडले. मुलांना उलट्या होऊ लागल्या, चूक ध्यानात आली आणि सर्वांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात हलविण्यात आले. परमेश्वराच्या कृपेने सर्व बालके बचावली. वृत्तपत्रांनी बातमी देशभर नेली, चौकशी झाली, संबंधितांवर कारवाई झाली आणि गाव पुन्हा आपल्या कामाला लागले.

त्या घटनेत बाटलीच निराळी होती, म्हणून तिचा बोभाटा झाला. ज्या बाटलीत औषधच असते, ज्या गोळीचे नाव घरातील लहान मूलही जाणते, तिच्यामुळे होणारा अपघात मात्र मुकाट्याने घडतो. सर्दी, ताप, अंगदुखी यांवरची ही औषधे प्रत्येक घराच्या फडताळात असतात. ती वाईट नाहीत. पण ती मोजून घ्यावयाची असतात, ही जाणीव आपल्या हातून कशी निसटत गेली, याला एक इतिहास आहे. तो आपल्या माजघरातून सुरू होऊन युरोपातील प्रयोगशाळांपर्यंत जातो आणि पुन्हा आपल्याच उंबरठ्यावर येऊन थांबतो.

आपल्या आज्या बाळगुटी देत असत. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ या वस्तू सहाणेवर दुधात उगाळायच्या, पण किती? त्याचे माप म्हणजे वेढे. बाळाच्या महिन्यांप्रमाणे कशाचे किती वेढे द्यावयाचे हे ठरलेले असे. जायफळाचा एक वेढा जास्त झाला तर मूल गुंगून पडते, हे त्या निरक्षर स्त्रियांना पक्के ठाऊक होते. आजच्या वैद्यकाच्या कसोटीला ती सारीच द्रव्ये उतरतील असे नाही, आणि तान्ह्या बाळाला अशी गुटी देऊ नये असेच बालरोगतज्ज्ञ आज सांगतात. परंतु औषध म्हणजे मोजमाप, हा संस्कार त्या सहाणेवर होत होता.

पोटासाठी गाव सुटले की माप कसे सुटते, याचे उदाहरण मुंबईच्या गिरण्यांनी दिले. १९२० च्या दशकात गिरणीकामगार स्त्रियांच्या पाहण्या झाल्या, तेव्हा असे आढळले की कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची 'बाळागोळी' देऊन निजविण्याची चाल त्यांच्यात सर्रास होती. त्या माता निर्दय नव्हत्या. मुलाला सांभाळणारे कोणी नव्हते आणि पाळीचा भोंगा थांबत नव्हता. मात्रेचा विवेक सुटतो तो बहुधा अज्ञानापेक्षा नाइलाजाने, ही गोष्ट पुढेही पुन्हा पुन्हा दिसून येते.

आता युरोपकडे वळू. तापावरच्या आधुनिक गोळीची कथा १८८६ साली स्ट्रासबुर्ग येथे सुरू झाली, आणि योगायोग असा की तिचा आरंभही चुकीच्या बाटलीतूनच झाला. कान आणि हेप हे दोन तरुण डॉक्टर जंतांच्या रुग्णाला नॅफ्थॅलीन देऊ पाहत होते. जंत गेले नाहीत, मात्र ताप झपाट्याने उतरला. शोध घेता कळले की औषधविक्रेत्याकडून आलेले द्रव्य नॅफ्थॅलीन नव्हतेच, ते ॲसिटानिलाइड होते. 'अँटिफेब्रिन' या नावाने ते बाजारात आले. त्याने ताप उतरे. पण काही रुग्णांची कातडी व ओठ निळे पडत, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने घटत असे. पुढच्याच वर्षी त्याचे भावंड फेनासेटिन आले. ते अधिक सौम्य मानले गेले आणि जगभर पसरले.

१९१८ साली इन्फ्लुएंझाची महासाथ आली. यवतमाळ तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असे, आणि हिंदुस्थानात त्या साथीचा जबर तडाखा बसलेल्या प्रांतांपैकी तो एक होता. आपल्याकडे बहुतेकांना औषधच मिळाले नाही. पाश्चात्त्य देशांत मात्र काही ठिकाणी ते अतोनात दिले गेले. अमेरिकेत त्या काळी ॲस्पिरिनच्या दिवसाला ८ ते ३१ ग्रॅम इतक्या मात्रा सुचविल्या जात. आज ४ ग्रॅम ही दिवसाची कमाल मर्यादा समजतात. त्या शरद ऋतूतील काही मृत्यू फ्लूने नव्हे तर ॲस्पिरिनच्या विषबाधेने ओढवले असावेत, असा तर्क २००९ साली एका संशोधिकेने मांडला. तो सर्वांनी स्वीकारलेला नाही, पण विचार करायला लावणारा निश्चित आहे.

स्वीडनमधील हुस्क्वार्ना या गावाची हकीकत तर्कावर आधारलेली नाही. त्याच साथीत तेथील एका डॉक्टरांनी फेनासेटिन, फेनाझोन व कॅफिन यांची पूड रुग्णांना दिली. साथ ओसरली, पूड मात्र राहिली. कारखान्यातील कामगार ती रोज घेऊ लागले. तिने अंग हलके वाटे, काम अधिक उरके. पुढे पुढे तर वाढदिवसाला तिची पाकिटे भेट म्हणून दिली जात. काही दशकांनंतर त्याच गावात मूत्रपिंडे निकामी होऊन माणसे मरू लागली, तेव्हा कारण उघडकीस आले. स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनीही १९५० च्या दशकात हाच संबंध दाखविला. भारत सरकारने १९८३ साली फेनासेटिनवर बंदी घातली.

फेनासेटिनची जागा पॅरासिटामॉलने घेतली. हे औषध १८९३ पासून वैद्यकाला माहीत होते, पण चुकीच्या निष्कर्षामुळे बाजूला पडले होते. १९४८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडी व ॲक्सेलरॉड यांनी दाखवून दिले की जुन्या दोन्ही औषधांचा गुण शरीरात तयार होणाऱ्या पॅरासिटामॉलमुळेच येतो. १९५६ साली ते ब्रिटनमध्ये विक्रीस आले. ते पोटाला जाळत नाही, बेताने घेतल्यास मूत्रपिंडालाही सहसा अपाय करीत नाही, म्हणून सुरक्षित औषध अशी त्याची ख्याती झाली. आणि ती रास्तच आहे, मात्रेच्या आत.

मात्रेच्या बाहेर काय होते हे १९६६ साली स्कॉटलंडमधून कळले. अतिमात्रा घेतलेल्या रुग्णांचे यकृत करपून गेल्याचे तेथील डॉक्टरांनी नोंदविले. १९७० च्या दशकात त्याचे कोडे उलगडले. यकृत पॅरासिटामॉलचा निचरा करताना त्यातील अल्प अंशाचे एक विषारी द्रव्य बनते. ग्लुटाथायोन नावाचा शरीरातला रक्षक त्याला तत्काळ निष्प्रभ करतो. पण या रक्षकाचा साठा मर्यादित असतो. गोळ्या फार झाल्या की तो संपतो आणि ते विष यकृताच्या पेशींवर तुटून पडते. उपासमार, दीर्घ उपवास, कुपोषण वा दारूचे व्यसन असेल तर हा साठा मुळातच तुटपुंजा असतो. त्याच दशकात एडिंबरा येथे प्रेस्कॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा रुढ केला. आठ तासांच्या आत तो मिळाला तर यकृत जवळजवळ हमखास वाचते.

या विषबाधेचे कपट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते, किंवा काहीच होत नाही. माणूस हिंडतो-फिरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागते, कावीळ दिसू लागते, आणि तोवर उताऱ्याची उत्तम वेळ निघून गेलेली असते. म्हणून लक्षणांची वाट पाहणे हीच सर्वांत मोठी चूक होय.

ब्रिटनने १९९८ साली कायदा करून औषधाच्या दुकानात एका पाकिटात ३२ आणि इतर दुकानांत १६ गोळ्यांची मर्यादा घातली. त्यानंतर अशा मृत्यूंत लक्षणीय घट झाली. आपल्याकडील अडचण निराळी आहे. एक हजाराहून कमी वस्तीच्या खेड्यात पॅरासिटामॉलच्या गोळ्या विनापरवाना विकण्याची सवलत औषधनियमांनीच दिली आहे. दूरच्या पोडावर तापाने फणफणलेल्या माणसाला ती उपकारकच ठरते. परंतु दुकानदार कात्रीने पट्टी कापतो तेव्हा नाव एका तुकड्यावर राहते, मुदतीची तारीख दुसऱ्यावर, आणि गिऱ्हाइकाच्या हाती कोरा तुकडा येतो.

दुसरी अडचण नावांची. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावे तीन, औषध एकच: पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनसोबत तेच, सॅरिडॉनमध्येही तेच, सर्दीवरच्या बहुतेक मिश्र गोळ्यांतही तेच. सरकारने २०१६ साली ३४४ आणि २०२४ साली १५६ मिश्र औषधांवर बंदी आणली, पण मिश्रणांचा बाजार सरलेला नाही. आता हिशेब करून पाहा. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी चार वेळा, म्हणजे २६००. सर्दीसाठी ५०० मिलिग्रॅम असलेली मिश्र गोळी तीन वेळा, म्हणजे १५००. अंगदुखीसाठी ३२५ असलेली दोनदा, म्हणजे ६५०. एकूण ४७५०. निरोगी प्रौढाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे; कृश, वृद्ध, मद्यपी वा यकृताचा विकार असलेल्यांची त्याहून बरीच कमी. या माणसाने एकही औषध 'जास्त' घेतलेले नाही. त्याने फक्त बेरीज केलेली नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडू नये म्हणून दुखण्यावर गोळी टाकून शेतात जाणारी माणसे आपल्या जिल्ह्याला नवी नाहीत. त्यांना हुस्क्वार्नाची गोष्ट सांगावयास हवी. फवारणी करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. २०१७ च्या पावसाळ्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीनंतर डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो गोळीने दाबण्याचा आजार नव्हे. तडक दवाखान्याचा रस्ता धरावा.

मुलांच्या बाबतीत तर चूक चमच्यात दडलेली असते. पॅरासिटामॉलचे साधे सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे असते, तीव्र सिरप २५० चे. तान्ह्यांसाठीचे थेंब मात्र एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम इतके दाट असतात. थेंबांच्या बाटलीतून चमचाभर औषध दिले तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी जाते. मुलाची मात्रा वयापेक्षा वजनावर ठरते: दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर.

सर्दी-खोकल्याच्या सिरपांची गोष्ट तर आणखी निराळी. सर्दी ही बहुधा आपली आपण बरी होते. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने कळविले की दोन वर्षांखालील बालकांना ही औषधे देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालीही सर्वसाधारणपणे टाळावीत. त्याच सुमारास छिंदवाडा जिल्ह्यात 'कोल्ड्रिफ' सिरपमुळे वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्या आईबापांनी मात्रा चुकवली नव्हती. सिरपमध्येच डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते, आणि तो दोष सर्वस्वी बनविणाऱ्यांचा व तपासणाऱ्यांचा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली याच विषाने १४ रुग्णांचा बळी घेतला होता व न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली होती. आपल्या हाती एवढेच आहे की ज्या औषधाची गरजच नाही ते मुलाला देऊ नये.

ख्रिस्ती परंपरेने औषधाला कधी कमी लेखले नाही. बेन सिराच्या ग्रंथातील अडतिसावा अध्याय वैद्याला मान देतो आणि औषधी ही देवाचीच निर्मिती असल्याचे सांगतो. डॉ. मेरी ग्लोअरी ही ऑस्ट्रेलियन धर्मभगिनी १९२० साली गुंटूरला आली. १९४३ साली तिने कॅथलिक रुग्णालयांच्या ज्या संघटनेचा पाया घातला, ती आज देशभर कार्य करते. तिच्या कार्याचा एक भाग म्हणजे स्थानिक स्त्रियांना परिचारिका, सुईणी व औषध देणाऱ्या म्हणून तयार करणे. औषध मोजून देणारा हात हाही सेवेचाच हात आहे, हे तिने ओळखले होते. जुन्या दवाखान्यात कंपाउंडर मिश्रणाच्या बाटलीला खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवीत असे. एक खाच म्हणजे एक मात्रा. सहाण गेली, ती पट्टीही गेली. आता मोजण्याचे काम घरच्यांनाच करावयाचे आहे.

ते अवघड नाही. वेष्टनावरचे मोठे नाव सोडून बारीक अक्षरांतील घटक वाचावेत. एका वेळी पॅरासिटामॉल असलेले एकच औषध घ्यावे. आजाऱ्याच्या उशाशी वहीचे पान ठेवून गोळीची वेळ लिहावी, म्हणजे आई देऊन गेली आणि आजीने पुन्हा दिली, असे होत नाही. स्वयंपाकघरातला चमचा न वापरता बाटलीसोबतचे मापच वापरावे. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना धर्मग्रामातील एखाद्या परिचारिकेने वा शिकलेल्या मुलीने घरी जाऊन औषधांची पेटी लावून द्यावी. मिस्सेनंतरचा एक तास त्यास पुरेल. आणि मात्रा जास्त गेल्याची नुसती शंका आली तरी, माणूस ठणठणीत दिसत असला तरी, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि रिकामी पट्टी वा बाटली सोबत न्यावी. पहिल्या आठ तासांत सारे काही सावरता येते.

आपल्या आज्यांना अक्षरओळख नव्हती. तरी एकेक वेढा त्या मोजत होत्या. आपल्याला वाचता येते.