दप्तराची नक्कल

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात येते. त्यांचा जन्म १६०८ चा. दासबोध म्हटला की बहुतेकांना मूर्खाची लक्षणे आठवतात, आणि शाळेतही तीच अधिक ऐकवली जातात. पण याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात परमार्थ जवळजवळ नाही. अक्षर वाटोळे, सुटे, काळेभोर असावे. ओळी सरळ जाव्यात. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे. बोरू देशोदेशीचे आणावेत, अशा सूचना एकामागून एक येतात.

त्यातल्या दोन सूचना आम्हाला फार मोलाच्या वाटतात. एक, पानाच्या चारी बाजूंना जागा सोडून मजकूर मधे लिहावा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. दुसरी, तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही. हा उपदेश सुंदर अक्षराचा नाही, टिकाऊ प्रतीचा आहे. कागद कुठून खराब होतो आणि वाचणाऱ्याची नजर कशी बदलते याचा विचार लिहिण्याआधीच केलेला आहे.

एवढी काळजी का, हे उघड आहे. छापखाना नव्हता. ग्रंथाच्या जितक्या प्रती, तितकेच त्याचे आयुष्य. समर्थांचे शिष्य कल्याण यांच्या हस्ताक्षरातली दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात जपली गेली. डोमगाव आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या परांडा तालुक्यात आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) यांनी मठोमठी फिरून रामदासी बाडे गोळा केली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डोमगावच्या प्रतीवरून दासबोध छापून काढला. सव्वादोनशेहून अधिक वर्षे एक प्रत वाचता येण्याजोगी राहिली, म्हणून हे घडले.

प्रत नसली म्हणजे काय होते, त्याचेही उदाहरण जवळच आहे. भोकरदन तालुक्यातले जाळीचा देव हे महानुभावांचे तीर्थस्थान. या पंथाचा आद्य गद्यग्रंथ लीळाचरित्र म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केला. मूळ प्रत पुढे एका धाडीत नाहीशी झाली आणि ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा लिहावा लागला, असे पंथाची परंपरा सांगते. आठवणी अनेकांच्या, म्हणून पाठही अनेक झाले. त्यांतला कोणता मूळचा, यावर अभ्यासक आजही खल करतात. याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवले. ती अक्षरे बिनचूक उतरवणारे पिढ्यान्‌पिढ्या होते; पण पंथाबाहेरच्या माणसाला किल्लीवाचून त्यातले काही कळत नसे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती उकलली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. नक्कल करायला मजकूर समजावा लागतोच असे नाही, ही गोष्ट पुढे संगणकाच्या संदर्भात उपयोगी पडेल.

तिसरे उदाहरण पैठणचे. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षे होईपर्यंत प्रतीवरून प्रत होत इतके अपपाठ साचले होते की एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शोधून शुद्ध केली. जुने लेखक ग्रंथाच्या शेवटी लिहून ठेवत की समोर जसे होते तसे उतरवले, चुकले असेल तर दोष आपला नाही. प्रत कधी, कुठे, कोणासाठी केली तेही तिथेच असे. हा शेवटचा मजकूर ग्रंथाचा भाग नव्हे, ग्रंथाविषयीची माहिती आहे. पण संशोधकाला कित्येकदा तिचेच मोल अधिक.

आता सुट्या पोथीकडून दप्तराकडे वळू. मराठी कारभारात कागद पुडक्यात, पुडकी रुमालात आणि रुमाल दप्तरात असत. संगणकातली फाइल आणि डिरेक्टरी यांची रचना याहून निराळी नाही. फरक एवढाच की डिरेक्टरीत डिरेक्टरी कितीही खोल बसवता येते. एक कागद उतरवणे सोपे. अख्खे दप्तर, त्यातल्या क्रमासह आणि जागेसह, उतरवणे हे वेगळे काम आहे, आणि संगणकाच्या इतिहासातही ही दोन कामे दीर्घकाळ वेगळी राहिली.

युनिक्सच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत 'सीपी' ही आज्ञा आहे. ती फाइलची प्रत करी; डिरेक्टरीचे संपूर्ण झाड उतरवण्याची सोय तिच्यात पुढे बर्कलीच्या आवृत्तीत आली. एमएस-डॉसमध्ये डिरेक्टऱ्या १९८३ साली आल्या, पण पोटातल्या डिरेक्टऱ्यांसह प्रत करणारी 'एक्सकॉपी' १९८६ मध्ये मिळाली. जुन्या वाचकांना तिची फ्लॉपीवरची खरखर आठवत असेल.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची स्थिती तर याहून विचित्र होती. १९८९ साली सी भाषेचे प्रमाणीकरण झाले. तिच्या प्रमाण ग्रंथालयात फाइलचे नाव बदलणारे फलन आहे, फाइल पुसणारे आहे. प्रत करणारे मात्र नाही! प्रत हवी तर मूळ फाइल उघडा, थोडे वाचा, दुसरीकडे लिहा, संपेपर्यंत हेच करा. सी भाषा अशा यंत्रांसाठीही होती जिथे डिरेक्टरी ही कल्पनाच नव्हती, म्हणून प्रमाणकाराने हात आखडता घेतला असावा. परिणाम हा की प्रत्येकाने आपापला नकलनवीस घरीच तयार केला.

पायथन भाषेच्या प्रमाण ग्रंथालयातल्या 'शूटिल' विभागात 'कॉपीट्री' नावाचे फलन आहे. त्याची कामाची रीत अशी. दप्तर उघडा. आतल्या प्रत्येक वस्तूकडे पाहा. कागद असेल तर उतरवा. रुमाल असेल तर नवा रिकामा रुमाल घ्या आणि त्याच्यासाठी हीच रीत पहिल्यापासून लावा. रीत स्वतःलाच बोलावते, म्हणून रुमालात रुमाल कितीही असले तरी सूचना तेवढ्याच पुरतात. जावा भाषेत २०११ साली आलेल्या 'फाइल्स डॉट कॉपी'ला डिरेक्टरी दिली तर ती फक्त रिकामी डिरेक्टरी करते. आतले कागद उतरवायला प्रोग्रॅमरने स्वतः झाडावरून फिरायचे असते. सी प्लस प्लसमध्ये ही प्रमाण सोय २०१७ ची.

कॉपीट्रीसमोरही जुनेच प्रश्न उभे राहतात. रुमालात कागदाऐवजी 'अमुक रुमाल पाहा' अशी चिठ्ठी सापडली तर? मुद्दाम सांगितले तरच ते चिठ्ठीची चिठ्ठी उतरवते. एरवी चिठ्ठीत दाखवलेला मालच उतरवून ठेवते. चिठ्ठी बाहेरच्याच रुमालाकडे बोट दाखवत असेल, तर फेरा संपत नाही आणि शेवटी काम चुकीच्या संदेशाने अडते. नव्या जागी त्याच नावाचे दप्तर आधीच असले तर २०१९ पर्यंत हे फलन सरळ नकार देई. त्या वर्षीच्या ३.८ आवृत्तीपासून परवानगी मागून दिली तर ते त्यातच भर घालते. आमच्या मते जुना नकार बरा होता. दोन दप्तरे एकमेकांत मिसळली की ती वेगळी करणे फार अवघड.

आणि ग्रंथाच्या शेवटच्या त्या मजकुराचे काय? शूटिलमध्ये 'कॉपीफाइल' फक्त मजकूर उतरवते, 'कॉपी' त्यासोबत परवानग्या नेते आणि 'कॉपी टू' फाइल शेवटी कधी बदलली ती वेळही नेते. कॉपीट्री आपण होऊन 'कॉपी टू' वापरते. तरी युनिक्ससारख्या यंत्रणेवर फाइलचा मालक कोण होता ही नोंद त्यातही गळते, आणि तसा इशारा पायथनच्या अधिकृत माहितीत दिलेला आहे.

ही नोंद क्षुल्लक वाटेल. पण २०२३ साली मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्या वर्षीच्या आंदोलनाचे केंद्र अंतरवाली सराटी हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले. आरक्षणाच्या वादात आम्ही शिरत नाही. मात्र निजामकालीन उर्दू आणि मोडी कागदांत कोणता कागद कुठल्या दप्तरातला, कोणत्या साली केलेला, हे प्रश्न तेव्हा अनेक घरांसाठी जिव्हाळ्याचे झाले.

वर्गात हे करून पाहता येईल. पाठ्यपुस्तकातला दहा ओळींचा उतारा घ्या. निम्म्या मुलांनी साखळी करावी, म्हणजे प्रत्येकाने फक्त मागच्या मुलाच्या प्रतीवरून उतरवावे. उरलेल्या निम्म्यांनी थेट पुस्तकावरून उतरवावे. मग दोन्ही गटांतल्या चुका फळ्यावर मांडा आणि पुस्तक लपवून मुलांना विचारा, या प्रतींवरून मूळ उतारा पुन्हा कसा तयार कराल?